संत जुस्तिन, रक्तसाक्षी
परक्यांच्या प्रश्नांस उत्तर देणारे पहिले मोठे ख्रिस्ती पंडित

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत एका प्राचीन संताचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. त्याचें कारण असें. आपलीं घरें अन्यधर्मीय बांधवांच्या घरांस लागून आहेत. बाजारांत, आगगाडीच्या डब्यांत, कचेरींत व शाळेंत आपणांस नित्य प्रश्न विचारले जातात. आपण मूर्तींपुढें गुडघे कां टेकतों, भाकरीच्या लहानशा चकतीस परमेश्वर कां म्हणतों, आपलीं पापें धर्मगुरूंच्या कानांत कां सांगतों, असे ते प्रश्न असतात. विचारणारा बहुधा कुत्सित नसतो; त्यास खरोखरच समजून घ्यावयाचें असतें. परंतु आपल्यापैकीं कोणी हंसून विषय बदलतो, कोणी रागावतो, आणि कोणी फादरांना विचारा असें सांगून मोकळा होतो. संत पेत्रानें तर आपल्या पहिल्या पत्रांत भाविकांस अशी आज्ञा केली आहे कीं, आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्या प्रत्येकास सौम्यपणानें व आदरानें उत्तर देण्यास त्यांनीं सदा सिद्ध असावें. ही आज्ञा ज्यांनीं प्राण देऊन पाळली, त्या संत जुस्तिन ह्यांची ही कथा आहे.

संत जुस्तिन ह्यांचा जन्म इ. स. १०० च्या सुमारास पॅलेस्टाइन देशांतील फ्लाविया नेआपोलिस ह्या नगरांत झाला. आज त्यास नाब्लुस म्हणतात. ज्या याकोबाच्या विहिरीपाशीं प्रभू येशूनें शमरोनी स्त्रीच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं, ती विहीर येथेंच आहे. जुस्तिन ह्यांच्या पित्याचें नांव प्रिस्कुस व आज्याचें बाक्खियुस. घराणें मूर्तिपूजक होतें. लहानपणीं त्यांस ना मोशेचें नियमशास्त्र शिकविलें गेलें, ना शुभवर्तमान. म्हणून प्रश्न विचारणारा बाहेरचा मनुष्य कसा असतो हें त्यांस ऐकून नव्हे, तर अनुभवानें ठाऊक होतें.

तरुणपणीं परमेश्वराचें ज्ञान व्हावें ह्या तळमळीनें ते एकामागून एक गुरु करूं लागले. पहिला गुरु स्तोइक पंथाचा होता; त्याच्यापाशीं परमेश्वराविषयीं कांहींच ज्ञान नव्हतें, आणि त्या ज्ञानाची गरजहि त्यास वाटत नव्हती. दुसरा अरिस्तोतलाच्या परंपरेंतील होता; त्यानें थोड्याच दिवसांत वेतनाची गोष्ट काढली, तेव्हां जुस्तिन ह्यांचें मन त्यावरून उडालें. तिसरा पिथागोरसाचा अनुयायी होता. त्यानें प्रथम संगीत, ज्योतिष व भूमिति शिकून येण्यास सांगितलें. शेवटीं प्लेटोच्या मताचा एक गुरु लाभला. त्याच्या संगतींत त्यांस फार आनंद झाला, आणि आतां लवकरच आपणांस परमेश्वराचें दर्शन होईल असें त्यांस वाटूं लागलें.

अशा स्थितींत ते एके दिवशीं एकांतासाठीं समुद्राच्या बाजूस गेले असतां एक अपरिचित वृद्ध गृहस्थ त्यांस भेटले. त्यांनीं तरुणास धर्मोपदेश आरंभला नाहीं. एकामागून एक प्रश्न विचारले, व तत्त्ववेत्त्यांच्या मतांत कोठें उणीव आहे हें त्याचें त्यासच पाहूं दिलें. नंतर त्यांनीं प्राचीन संदेष्ट्यांची व ख्रिस्ताची वार्ता सांगितली, आणि प्रकाशाचीं द्वारें उघडावीं म्हणून परमेश्वराची प्रार्थना करण्यास सांगून ते निघून गेले. ते पुन्हा कधीं दिसले नाहींत. परंतु त्या एका संभाषणानें जुस्तिन ह्यांच्या अंतःकरणांत अग्नि प्रज्वलित झाला. दुसरीहि एक गोष्ट त्यांच्या मनांत घर करून राहिली होती. ख्रिस्ती लोकांवर दुराचाराचे आरोप त्यांनीं ऐकले होते. परंतु तेच लोक मरणास निर्भयपणें सामोरे जात असलेले त्यांनीं पाहिले होते. विषयसुखास लांचावलेला मनुष्य मरणास असा हंसत भेटणार नाहीं, असा त्यांनीं विचार केला. अशा रीतीनें संवाद व सदाचरण ह्या दोन वाटांनीं ते ख्रिस्ताकडे आले आणि त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरहि तत्त्ववेत्त्याचा झगा त्यांनीं टाकला नाहीं. ज्या सत्याच्या शोधांत आपण निघालों होतों तें ख्रिस्ताच्या ठायीं सांपडलें, म्हणून हेंच खरें तत्त्वज्ञान, असें ते मानीत. पुढें ते रोम नगरीस गेले व एका स्नानगृहाच्या माडीवर राहून, जो येईल त्यास ख्रिस्ती सिद्धांत शिकवूं लागले.

त्या काळीं ख्रिस्तसभेविषयीं रोमकरांच्या मनांत काय काय भरलें होतें हें ऐकलें म्हणजे आज आपणांस विचारलेले प्रश्न अगदींच सौम्य वाटतील. ख्रिस्ती लोक राष्ट्राच्या देवतांस बलि देत नसत, म्हणून त्यांस नास्तिक म्हणत. ते एकत्र जमून कोणाचें तरी मांस खातात व रक्त पितात अशी अफवा होती. एकमेकांस बंधु व भगिनी म्हणून ते शांतीचें चुंबन देत, त्यावरून अत्यंत अमंगळ तर्क केले जात. पवित्र मिस्साबलि बंद दाराआड होई, आणि जें दाराआड होतें त्याविषयीं लोक वाटेल तें रचतात. नुसतें ख्रिस्ती नांव कबूल केलें कीं मरणाची शिक्षा होऊं शके.

इ. स. १५५ च्या सुमारास जुस्तिन ह्यांनीं सम्राट आंतोनिनुस पियुस, त्याचे पुत्र व रोमची वरिष्ठ सभा ह्यांस उद्देशून एक मोठा अर्ज लिहिला. पहिलें समर्थनपत्र म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यांत त्यांनीं स्वतःचें, आपल्या पित्याचें, आज्याचें व गांवाचें नांव स्पष्ट घातलें. निनांवी पत्र लिहिणें सुरक्षित होतें. परंतु सत्याच्या साक्षीदारानें तोंड झांकून बोलावें हें त्यांस रुचलें नाहीं. त्यांची मागणी एवढीच होती कीं, मनुष्याचा न्याय नांवावरून न करतां कृत्यांवरून करावा. एखादा ख्रिस्ती खरोखर अपराधी ठरला तर त्यास अपराधी म्हणून खुशाल शिक्षा व्हावी. नास्तिकपणाच्या आरोपास त्यांनीं मोठें मार्मिक उत्तर दिलें. खोट्या देवतांच्या बाबतींत तो आरोप त्यांनीं मान्य केला. सर्वांचा पिता जो खरा परमेश्वर त्याच्या बाबतींत मात्र साफ नाकारला.

परंतु ह्या अर्जांतील सर्वांत धाडसाचा भाग म्हणजे पवित्र मिस्साबलीचें वर्णन होय. जें ऐकून लोक भलतेंच कल्पीत होते, तेंच त्यांनीं उघडपणें सांगून टाकलें. रविवारीं नगरांतले व खेड्यांतले सर्व भाविक एका ठिकाणीं जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात. मग अध्यक्ष उपदेश करतात. सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस व पाणी आणलें जातें. अध्यक्ष उपकारस्तुति करतात व लोक आमेन म्हणतात. नंतर सर्वांस तें वाटलें जातें, आणि जे येऊं शकले नाहींत त्यांच्याकडे उपसेवक तें घेऊन जातात. ही साधी भाकर नव्हे, तर देहधारी येशूचें शरीर व रक्त होय, हेंहि त्यांनीं दडविलें नाहीं. ऐपतीप्रमाणें जमलेलें दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी ह्यांच्यासाठीं खर्च होतें, हें सांगण्यासहि ते विसरले नाहींत. अठराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी गेल्या रविवारीं आपल्या मंदिरांत जो मिस्सा झाला त्याचाच हा आराखडा आहे. इ. स. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांतहि मिस्साच्या विवेचनांत हेंच वर्णन घेतलेलें आहे.

अन्य लोकांच्या पूर्वजांतील थोर पुरुषांची त्यांनीं निंदा केली नाहीं. परमेश्वराच्या शब्दाचें बीज सर्व मनुष्यजातींत पेरलेलें आहे. सॉक्रेटीस, हेराक्लितुस इत्यादिकांस जें सत्य दिसलें तें त्याच शब्दाच्या अंशामुळें, आणि तो शब्द पूर्णपणें ख्रिस्ताच्या ठायीं प्रकट झाला, असें त्यांचें प्रतिपादन होतें. शेजाऱ्याच्या घरांतील दिवा विझविल्यानें आपला दिवा अधिक उजळत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. मात्र सगळे दिवे सारखेच असें म्हणून त्यांनीं सूर्यास झांकलेंहि नाहीं.

त्रिफो नांवाच्या विद्वान यहुद्याबरोबर झालेला त्यांचा संवाद आजहि उपलब्ध आहे. दोन दिवस शास्त्रार्थ चालला. कधीं शब्द तीक्ष्ण झाले, परंतु बोलणें तुटलें नाहीं. शेवटीं त्रिफोनें ख्रिस्ती मत पत्करलें नाहीं. तरी दोघे एकमेकांचें कल्याण चिंतून प्रेमानें वेगळे झाले. उत्तर देणें हें आपलें काम. अंतःकरण वळविणें हें परमेश्वराचें.

अशा मनुष्यास शत्रु नव्हते असें नाहीं. एका रोमन स्त्रीनें ख्रिस्ती होऊन आपल्या दुराचारी पतीचा त्याग केला, तेव्हां त्या पतीनें तिच्यावर व तिचे शिक्षक प्तोलेमेयुस ह्यांच्यावर ख्रिस्ती असल्याचा आरोप केला. नगराधिकारी उर्बिकुस ह्यानें केवळ त्या नांवासाठीं शिक्षकास मृत्युदंड दिला. लुकियुस नांवाच्या गृहस्थांनीं हा कसला न्याय असें विचारतांच त्यांचीहि तीच गति झाली. ह्यावरून जुस्तिन ह्यांनीं दुसरें समर्थनपत्र लिहिलें. क्रेसेंस नांवाचा एक तत्त्ववेत्ता ख्रिस्ती धर्माची माहिती नसतांना त्याची निंदा करीत असे. त्याच्याशीं त्यांनीं जाहीर वाद केला, आणि तो आपल्या जिवावर उठेल हें जाणूनहि माघार घेतली नाहीं.

इ. स. १६५ च्या सुमारास, सम्राट मार्कुस औरेलियुस ह्याच्या कारकीर्दींत, जुस्तिन व सहा सोबती पकडले गेले. त्यांचीं नांवें खारितोन, खारितो नांवाची स्त्री, एवेल्पिस्तुस, हिएराक्स, पेओन व लिबेरियानुस. न्यायाधीश रुस्तिकुस हा स्वतः तत्त्ववेत्ता व सम्राटाचा गुरु होता. त्यानें ख्रिस्ती लोक कोठें जमतात असें विचारलें. जुस्तिन ह्यांनीं सांगितलें कीं, ख्रिस्ती लोकांचा परमेश्वर एका जागेंत मावत नाहीं. मग त्यांनीं केवळ स्वतःच्या बिऱ्हाडाचा पत्ता दिला. आपल्या श्रद्धेविषयीं सर्व कांहीं सांगणारे हे मुख बांधवांस धोक्यांत घालणारा एक शब्दहि बोललें नाहीं. पुढें इतरांस, जुस्तिननेंच तुम्हांस ख्रिस्ती केलें काय, असें विचारण्यांत आलें. सम्राटाचा दास असलेल्या एवेल्पिस्तुसनें उत्तर दिलें कीं, जुस्तिन ह्यांचा उपदेश आपण आनंदानें ऐकत असूं, परंतु ख्रिस्ती होणें आपण कप्पदुकियांतील आपल्या आईबापांपासून शिकलों. पेओनहि आईबापांचेंच नांव घेऊन गेला. एवढ्या मोठ्या पंडिताच्या शेजारीं उभे राहून त्यांनीं आपल्या घराची साक्ष दिली.

देवतांस बलि देण्याची आज्ञा सर्वांनीं नाकारली. मेल्यावर आपण स्वर्गास जाऊं अशी तुझी कल्पना आहे काय, असें रुस्तिकुसानें उपहासानें विचारलें, तेव्हां जुस्तिन ह्यांनीं शांतपणें सांगितलें कीं ही कल्पना नसून आपली पूर्ण खात्री आहे. त्या सातहि जणांस फटके मारून शिरच्छेदाची शिक्षा झाली. रोमन पंचांगांत संत जुस्तिन ह्यांचा सण १ जून रोजीं साजरा होतो.

प्रिय वाचकहो, आपल्यापुढें तरवार उभी नाहीं. बहुधा चहाचा पेला व एक शेजारी असतो. मग आपण कां घाबरावें? प्रतिमेविषयीं कोणी विचारलें तर सांगावें कीं, आपण लाकडास भजत नाहीं. आईच्या तसबिरीस जसा मान देतों तसा संतांच्या प्रतिमांस देतों, आणि आराधना एका परमेश्वराचीच करतों. पापनिवेदनाविषयीं विचारलें तर सांगावें कीं, क्षमा करण्याचा अधिकार पुनरुत्थित ख्रिस्तानें प्रेषितांस दिला, आणि धर्मगुरु त्याच्याच नांवानें ती देतात. उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगून, शिकून परत यावें. परंतु शिकण्यासाठीं धर्मशिक्षण हें पहिल्या कम्युनियनबरोबर संपत नाहीं हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आणि रविवारच्या दानांतून आपल्या गांवची विधवा व आजारी मनुष्य ह्यांची खबर घेतली जात नसेल, तर आपलें सर्वांत बळकट उत्तरच आपण गमावलें असें होईल.

ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें प्रत्येक कुटुंबांत आईबापांनीं मुलांबरोबर बसून एक तरी प्रश्न व त्याचें उत्तर शिकावें, अशी आमची विनंती आहे. उद्यां कोणी आपल्या मुलांस विचारलें, तर पेओनाप्रमाणें त्यांसहि सांगतां यावें कीं, हें आपण आपल्या घरीं शिकलों. संत जुस्तिन आम्हांसाठीं विनंती करोत, आणि परमेश्वर आमचीं मुखें सत्यानें व अंतःकरणें प्रीतीनें भरो. आमेन.