सहसंबंधांचा साधक : सर गिल्बर्ट वॉकर

पावसाचा अंदाज चुकला की वेधशाळेची थट्टा करावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. परंतु याच अंदाजासाठी ज्याने आयुष्याची वीस वर्षे वेचली आणि तो पुरता साधला नसतानाही पृथ्वीच्या हवामानाचे एक मोठे कोडे सोडविण्याची वाट दाखविली, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचे चरित्र थट्टेखोरांनी अवश्य अभ्यासावे.

वॉकर यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. १८८९ साली ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले. दहा वर्षांनी हाच मान रघुनाथराव परांजपे यांना मिळाला. बूमरँगचे उड्डाण आणि बासरीची रचना हे वॉकर यांच्या आवडीचे विषय. हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही १९०४ साली हिंदुस्थानातील वेधशाळांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

या नेमणुकीवर दुष्काळाची छाया होती. १८७७ आणि १८९९ या दोन्ही साली पावसाने दगा दिला आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. १८९९ साली तर खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले होते. अशा वेळी अंदाज हा केवळ शास्त्राचा विषय राहत नाही. धान्याचा भाव, शेतसारा आणि दुष्काळी कामे यांचे गणित त्यावर अवलंबून असते.

वॉकर यांनी सिद्धान्ताऐवजी नोंदींचा आश्रय घेतला. जगातील अनेक ठिकाणांचा वायुभार, तापमान व पर्जन्यमान यांचे आकडे त्यांनी जमविले आणि हिंदी कारकुनांच्या हातून सहसंबंधांची अगणित गणिते करवून घेतली. त्या काळी संगणक म्हणजे ही माणसेच होती. असंख्य जोड्या तपासल्या की काही संबंध निव्वळ योगायोगानेही बळकट दिसतात, हा धोका त्यांनी ओळखला होता आणि तो टाळण्याची कसोटीही त्यांनी १९१४ साली मांडली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही ती ध्यानी ठेवावी.

या परिश्रमांतून वायुभाराचे तीन विशाल झोके पुढे आले. उत्तर अटलांटिकवर आइसलँडजवळचा भार घटतो तेव्हा अझोर्सजवळचा वाढतो. पश्चिमी वारे जोर धरून सागराची ऊब उत्तर युरोपात नेतात आणि तेथील हिवाळा सौम्य होतो, तर ग्रीनलंड अधिक गारठते. दुसरा झोका उत्तर पॅसिफिकवर. तिसरा, सर्वांत मोठा, तो दक्षिण आंदोलनाचा : पॅसिफिकवर भार चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही घडते. त्याचा धागा नैर्ऋत्य कॅनडातील हिवाळी तापमानापर्यंत पोहोचतो, असेही वॉकर यांना आढळले.

१९२४ साली ते निवृत्त होऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. इतक्या दूरच्या प्रदेशांचा परस्परांशी संबंध काय, हा टीकाकारांचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. कार्यकारण वॉकर यांच्या हाती नव्हते, कारण उंचावरील वाऱ्यांच्या पुरेशा नोंदीच तेव्हा नव्हत्या. १९५८ साली ते वारले.

उत्तर आले ते १९६९ साली. जेकब बियर्कनेस यांनी दक्षिण आंदोलनाचा दुवा एल निनोशी जोडला. विषुववृत्तीय पॅसिफिकवरील पूर्वेचे वारे मंदावले की उबदार पाणी पेरूच्या दिशेने सरकते, मेघ व पाऊस त्यामागे जातात आणि पश्चिमेकडे हवा खाली उतरू लागते. तेथे आकाश निरभ्र राहून जमीन तापते. हवेच्या या चक्रास बियर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले. १९७२ सालच्या महाराष्ट्रातील दुष्काळाच्या वेळीही पॅसिफिकवर एल निनो होता.

तथापि १९९७ साली प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणजे सहसंबंध ही शक्यता आहे, हमी नव्हे. वॉकर यांनी हा विवेक कधी सोडला नाही. अंदाजाकडे शक्यता म्हणून पाहणारा शेतकरी बियाणे राखून ठेवतो, सरकार धान्याचा साठा करते. हमी मानणारे दोघेही फसतात. आणि ती शक्यता वर्तविता येते, ती कुणीतरी खेडोपाडी रोज पर्जन्यमापक पाहून आकडा लिहून ठेवतो म्हणून. त्या नोंदींवरचा खर्च वायफळ मानणाऱ्यांना वॉकर यांचे चरित्र हेच उत्तर आहे.