शंकेच्या काळोखातून : संत ऑगस्टिन यांचे जीवन

२७ ऑगस्टला आपण संत मोनिका यांचा सण साजरा करतो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे पुत्र संत ऑगस्टिन यांचा. आईचे अश्रू आणि मुलाचे परिवर्तन ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. त्या कथेतील एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. माणसाला कोणतीही गोष्ट खात्रीने कळूच शकत नाही, असे ऑगस्टिन यांना काही काळ वाटत होते.

ऑगस्टिन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. हे ठिकाण आज अल्जीरिया देशात आहे. ते कार्थेज शहरात शिकत असताना, वयाच्या १९व्या वर्षी, रोमन पंडित सिसेरो यांचा एक ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि त्यांना सत्याची ओढ लागली. त्यांनी बायबल उघडले, पण त्यातील साधी भाषा त्यांना रुचली नाही. ते मानीपंथाकडे वळले. आम्ही कशावरही आंधळा विश्वास ठेवायला सांगत नाही, सर्व काही बुद्धीला पटवून देतो, असा त्या पंथाचा दावा होता. ऑगस्टिन तेथे सुमारे नऊ वर्षे राहिले.

मोनिका यांनी एका बिशपांना गळ घातली की, माझ्या मुलाची समजूत काढा. ते बिशप स्वतः लहानपणी मानीपंथात वाढलेले होते. त्यांनी वाद घालण्यास नकार दिला. मुलगा वाचता वाचता स्वतःच चूक ओळखेल, तुम्ही प्रार्थना करीत राहा, असा सल्ला त्यांनी दिला.

झालेही तसेच. खगोलशास्त्रज्ञांनी वर्तवलेली ग्रहणे ठरल्या वेळी होत होती. मानीच्या ग्रंथांतील आकाशाची वर्णने मात्र त्या गणिताशी जुळत नव्हती. पंथाचे मोठे गुरू फाउस्टस आले की शंका दूर करतील, असे ऑगस्टिन यांना सांगण्यात आले. फाउस्टस आले. त्यांचे बोलणे गोड होते, पण उत्तरे त्यांच्यापाशी नव्हती.

३८३ साली ऑगस्टिन रोमला गेले आणि पुढच्या वर्षी मिलानमध्ये वक्तृत्वाचे शिक्षक झाले. नोकरी मानाची होती, पण मन रिकामे होते. अकादमीचे तत्त्वज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारवंतांचे मत त्यांना पटू लागले. डोळे फसवतात, स्वप्नही खरे वाटते, म्हणून शहाण्याने कशालाच होकार देऊ नये, असे ते मत होते. एकदा फसल्यामुळे ऑगस्टिन यांना पुन्हा फसण्याची भीती वाटत होती. सात आणि तीन मिळून दहा होतात, तितकीच खात्री त्यांना प्रत्येक गोष्टीत हवी होती.

पण अशा शंकेत माणूस जगू शकत नाही, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आले. कधीही न पाहिलेली शहरे आहेत, असे ते मानत होते. वैद्याच्या शब्दावर विश्वास ठेवत होते. आपले आईवडील कोण, हेदेखील त्यांना इतरांच्या सांगण्यावरूनच ठाऊक होते. आपलेही तसेच आहे. आपला बाप्तिस्मा कोणत्या दिवशी झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? आईवडिलांनी सांगितले आणि चर्चच्या नोंदवहीत लिहिले आहे, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. विश्वास ठेवल्याशिवाय माणसाला फारच थोडे कळते.

मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या प्रवचनांनी बायबलचा खोल अर्थ त्यांना उलगडू लागला. ३८६ साली एका बागेत संत पौल यांचे पत्र वाचताना त्यांच्या मनाची तगमग संपली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत आई, मुलगा, मित्र आणि शिष्य यांच्यासह ते एका मित्राच्या शेतघरी राहिले. तेथे त्यांनी अकादमीच्या तत्त्वज्ञांना उत्तर देणारा ग्रंथ लिहिला. पाण्यात वल्हे वाकडे दिसते, हा डोळ्यांचा दोष नाही. पाण्यात ते तसेच दिसायला हवे, असे त्यांनी दाखवून दिले. तीन त्रिक नऊ हे सारे जग झोपेत असले तरी खरेच राहते. पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथात त्यांनी लिहिले की, मी चुकत असलो तरी चुकणारा मी असलोच पाहिजे. सुमारे बाराशे वर्षांनी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी अशाच विचारापासून आपल्या तत्त्वज्ञानाची सुरुवात केली.

३८७ च्या पास्काच्या रात्री संत अँब्रोज यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी मोनिका यांनी ओस्तिया येथे देह ठेवला. ऑगस्टिन आफ्रिकेत परतले, ३९१ साली हिप्पो येथे धर्मगुरू झाले आणि काही वर्षांनी तेथील बिशप झाले. मानीपंथातच राहिलेल्या एका जुन्या मित्रासाठी त्यांनी विश्वास ठेवण्याच्या लाभावर पुस्तक लिहिले. विश्वास आणि भोळेपणा यांतील फरक त्यांनी त्यात समजावून सांगितला. उतारवयात त्यांनी आपले ग्रंथ पुन्हा तपासले आणि जे चुकले होते ते स्वतःच नोंदवले. हिप्पोला व्हँडल सैन्याचा वेढा पडलेला असताना २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे भिंतीवर लावून घेतली होती. ती ते अंथरुणावरून वाचत.

मोबाइलवरच्या खोट्या बातम्यांनी आज आपणही फसतो आणि मग खऱ्या माणसाच्या शब्दावरही आपला विश्वास बसत नाही. आपल्या घरांतील मुलेही विचारतात, देव आहे हे कशावरून? त्यांना गप्प करण्याआधी आपण त्या बिशपांचा सल्ला आठवू या. प्रश्न विचारणारे मूल सत्यापासून दूर गेलेलेच असते असे नाही. त्याला वाचू द्यावे, विचारू द्यावे आणि ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असे एक तरी माणूस त्याला आपल्या घरात भेटावे. ऑगस्टिन यांना अशी आई लाभली होती.

संत मोनिका आणि संत ऑगस्टिन, आमच्यासाठी विनंती करा.