रिपोर्टवरचे ‘बेन्स जोन्स’ कोण होते?

मल्टिपल मायलोमाची शंका आली की तपासण्यांच्या यादीत एक नाव हमखास असते: बेन्स जोन्स प्रोटीन. रिपोर्टमध्ये त्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घरातले सगळे घाबरतात आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात, आता किती दिवस? त्या एका ओळीतून याचे उत्तर का मिळत नाही, हे समजून घ्यायला या नावाच्या माणसाची ओळख करून घेऊ.

पुष्कळांना हे दोन डॉक्टर वाटतात. प्रत्यक्षात हेन्री बेन्स जोन्स हे एकच. इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकले, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकले आणि १८४१ मध्ये जर्मनीत गीसेनला लीबिग या रसायनशास्त्रज्ञाकडे गेले. त्या काळी रुग्णाच्या लघवीचे रासायनिक पृथक्करण करणारे डॉक्टर फार थोडे होते. त्यामुळे लंडनमधले नामांकित डॉक्टर कोड्यात टाकणारे नमुने त्यांच्याकडे पाठवत.

असाच एक नमुना १ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांच्याकडे आला. रुग्ण ४५ वर्षांचा, लंडनमधला किराणा व्यापारी. वर्षभरापूर्वी सहलीला गेला असताना एका भुयारातून उडी मारून बाहेर येताना छातीत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि तेव्हापासून दुखणे सुटलेच नाही. रक्त काढले, जळवा लावल्या; त्याने तो आणखीच अशक्त झाला. पुढे अंगावर सूज दिसली, म्हणून विल्यम मॅकिन्टायर या डॉक्टरांनी किडनीच्या शंकेने लघवी तपासली. ती तापवल्यावर गढूळ झाली, नायट्रिक ॲसिड घातल्यावर निवळली आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट झाली. हे काय आहे, असे विचारत त्यांनी आणि टॉमस वॉटसन यांनी नमुना बेन्स जोन्स यांच्याकडे धाडला.

यात विशेष काय, ते अंडे उकडताना तुम्ही रोज पाहता. पांढरे एकदा घट्ट झाले की पुन्हा पातळ होत नाही. लघवीतले नेहमीचे प्रोटीन, म्हणजे अल्ब्युमिन, तसेच वागते. हे प्रोटीन मात्र उष्णतेने विरघळत होते आणि थंड होताच परत दिसत होते. बेन्स जोन्स यांनी हिशेब केला तेव्हा रुग्णाच्या शरीरातून दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम प्रोटीन लघवीवाटे जात होते.

१ जानेवारी १८४६ रोजी तो रुग्ण गेला. शवविच्छेदनात किडन्या वरवर पाहता निरोगी दिसल्या. बरगड्या मात्र इतक्या मऊ झालेल्या की सुरीने सहज कापल्या जात होत्या. आत लालसर, जेलीसारखा पदार्थ भरलेला. बिघाड हाडांमध्ये होता आणि त्याची खूण लघवीत सापडत होती. हाडे मऊ होणाऱ्या इतर रुग्णांतही हे प्रोटीन शोधावे, असे बेन्स जोन्स यांनी सुचवले. कॅन्सरची खूण म्हणून ओळखले गेलेले हे पहिले प्रोटीन. मॅकिन्टायर यांनी आपली हकीकत १८५० मध्ये छापली, तोवर उशीर झाला होता. माझ्या मते निम्मे श्रेय त्यांचे आहे.

पुढचे आयुष्य बेन्स जोन्स यांनी या प्रोटीनमागे घालवले नाही. मोठी प्रॅक्टिस केली, चार्ल्स डार्विन यांच्या पोटाच्या तक्रारींवर पथ्य सांगितले, रॉयल इन्स्टिट्यूशनचे सचिवपद सांभाळले, स्नेही मायकेल फॅरडे यांचे चरित्र लिहिले. १८७३ मध्ये ते वारले. हे प्रोटीन म्हणजे अँटिबॉडीचा एक तुकडा, ‘लाइट चेन’, हे कळायला १९६२ साल उजाडले. बोन मॅरोतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी तो गरजेपेक्षा जास्त बनवतात.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. लघवीच्या साध्या पट्टीवर मुख्यतः अल्ब्युमिन दिसते, लाइट चेन सुटू शकतात. म्हणून पट्टी निगेटिव्ह असूनही डॉक्टर २४ तासांची लघवी किंवा रक्तातली ‘फ्री लाइट चेन’ तपासणी सांगतात. कंटाळा न करता ती करून घ्या, कारण या चेन किडनीच्या नळ्यांत साचून किडनी बंद पाडू शकतात. किडनी वेळेत वाचवणे ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज बांधायला २००५ पासून रक्तातली दोन प्रोटीन वापरली जातात: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन. पहिले लिटरमागे ३.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि दुसरे डेसिलिटरमागे किमान ३.५ ग्रॅम असेल तर पहिला टप्पा. बीटा-२ हे ५.५ किंवा जास्त असेल तर तिसरा. २०१५ मध्ये यात एलडीएच आणि पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणीही जोडली गेली, कारण दोन आकडे पुरेसे नव्हते. शिवाय बीटा-२ हे किडनीवाटे बाहेर पडते. किडनी आधीच अशक्त असेल, तर आजाराचा भार तितका नसतानाही हा आकडा वाढलेला दिसतो. म्हणून क्रिएटिनिन सोबत ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नका.

इंटरनेटवर टप्प्यापुढे महिने लिहिलेले असतात. ते मध्यमान आहे: निम्मे रुग्ण त्यापेक्षा जास्त जगले. आणि त्यातले बरेच आकडे आजची औषधे नसतानाच्या रुग्णांचे आहेत. उपचार सुरू झाल्यावर लाइट चेन किती आणि किती लवकर उतरतात, हे आम्ही पहिल्या आकड्याइतकेच लक्ष देऊन पाहतो.

पुढच्या भेटीला जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, शक्यतो एकाच लॅबचे. आणि डॉक्टरांना विचारा: आकडा कुठल्या दिशेने चालला आहे, आणि किडनी कशी आहे?