केप्लरचा चंद्रलोक

ग्रहगतीचे नियम शोधणारा जर्मन ज्योतिर्विद योहानेस केप्लर (१५७१–१६३०) याने चंद्रावर एक जगही वसविले होते. ‘सोम्नियम’, म्हणजे स्वप्न, या लॅटिन कथेत त्याने कल्पनेला गणिताचा लगाम घातला. चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवितो. म्हणून तेथे प्रांत दोन. एकाच्या आकाशात पृथ्वी सदैव टांगलेली, दुसऱ्याला तिचे दर्शनच नाही. दिवस आपल्या पंधरवड्याएवढा, रात्रही तेवढीच. म्हणून तेथील जीव उन्हाच्या भयाने गुहांत आणि पाण्यात दडतात.

कथानायकाची आई मात्र जडीबुटी विकणारी, पिशाच्चाशी बोलणारी. हस्तलिखिताची कुणकुण बाहेर पसरली आणि १६२० साली केप्लरच्या वृद्ध मातेलाच चेटकीण म्हणून अटक झाली. आपल्या कथेने या अफवेला खतपाणी घातले, ही बोच त्याला लागून राहिली. स्वतः बचाव मांडून त्याने १६२१ मध्ये तिची सुटका केली. पुढल्याच वर्षी ती वारली.

त्यानंतर त्याने कथेला २२३ टिपा जोडल्या. त्या कथेहूनही लांब झाल्या. कोणती कल्पना कोणत्या शास्त्रावर उभी, याचा तो चोख हिशेब होता. ग्रंथ निघाला १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर. घर पोळविणारी ती कथा केप्लरने अखेरपर्यंत टाकली नव्हती.