रहीमसाहेब

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच मोडत असे आणि तिकडील कित्येक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठात जात. रहीम त्याच विद्यापीठात शिकले आणि तेथील संघातून फुटबॉल खेळू लागले. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही संपादन केली. देशभर कीर्ती झाल्यावर लोक त्यांना रहीमसाहेब म्हणू लागले. पण त्यांची वृत्ती अखेरपर्यंत शाळामास्तराचीच राहिली.

चेंडू पायाशी घोळवीत एकट्यानेच धावत सुटावयाचे, जोडीदाराकडे पाहावयाचेच नाही, ही खोड तुमच्या शाळेच्या मैदानावरही तुम्हांस आढळेल. रहीमसाहेबांनी तीवर योजलेला उपाय मोठा मार्मिक होता. ज्यांत चेंडू घोळविण्यासच मनाई, अशा स्पर्धा त्यांनी भरविल्या! आणखी काही स्पर्धांत तर केवळ कच्च्या पायानेच चेंडू मारावयाचा, असा नियम असे. उजव्या पायाच्या बळावर मिरविणाऱ्या गड्याची तेथे कशी फजिती होत असेल, याची कल्पनाच करावी. पण हळूहळू त्याचे दोन्ही पाय सारखेच तयार होत.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने इराणला नमवून सुवर्णपदक मिळविले. मात्र पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा पराभव केला. आपले बहुतेक खेळाडू त्या थंड देशात अनवाणी खेळत होते! त्यानंतर खेळाडूंच्या पायांत बूट आले. १९५६ साली मेलबर्न येथे भारताने ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असे हरविले. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझांचे होते. त्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत मात्र आरंभीच दक्षिण कोरियाकडून भारत हरला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात भक्कम बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. तरी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया! इस्राएल व तैवान यांना वगळल्याबद्दल एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे यजमान देशातील लोक भारतावर संतापले होते. सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरलेल्या त्या क्रीडांगणात भारताच्या बाजूचे आवाज अगदी थोडे होते. त्या थोड्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते.

सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या खेळाडूंपाशी एक भेट मागितली. उद्या मला सुवर्णपदक द्या, एवढीच ती मागणी. पदक खेळाडूंच्या गळ्यांत पडते. प्रशिक्षकास ते मिळत नाही. तरीही त्यांनी ते मागितले.

दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर रोजी, टाके पडलेल्या जर्नेलसिंगांना बचावात न ठेवता त्यांनी आघाडीवर खेळविले. बचावात उंच आलेले चेंडू वरचेवर डोक्याने परतवावे लागतात. त्या जखमेवर ते आघात कसे सोसवणार? प्रथम प्रदीपकुमार बॅनर्जींनी गोल केला आणि त्यामागोमाग जर्नेलसिंगांनी दुसरा. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला, परंतु भारत दोन विरुद्ध एक असा विजयी झाला. गुरूची भेट शिष्यांनी दिली.

वर्षही पुरते लोटले नाही, तोच ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. पुढे सात वर्षांनी, १९७० साली, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे कांस्यपदक मिळविले. त्या संघास शिकविणाऱ्यांत जकार्ताचा पहिला गोल करणारे प्रदीपकुमार बॅनर्जी होते.