हिवाळ्यात रिकामी उभी राहणारी जहाजं आणि अल्बर्ट बालिन: क्रूझ नावाची सुट्टी सुरू कशी झाली?

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला की हल्ली बऱ्याच घरांत क्रूझचा विषय निघतो. मुंबईहून गोव्याला जायचं की लक्षद्वीपला, दोन रात्री की पाच, खिडकीची केबिन घ्यायची की बाल्कनीची, जेवण तिकिटात धरलंय की वेगळं, यावर नवराबायकोत आठवडाभर चर्चा चालते. एक गोष्ट मात्र दोघंही गृहीत धरतात. जहाज जिथून सुटेल तिथेच ते परत आणून सोडणार, आणि मधला प्रवास हीच सुट्टी.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे कुणी गृहीत धरत नव्हतं. जहाजात बसायचं ते कुठेतरी पोहोचण्यासाठी. प्रवास म्हणजे उलट्या, ओलावा आणि कधी एकदा किनारा दिसतो याची वाट पाहणं. मग फिरून परत त्याच बंदरात येण्यासाठी लोक पैसे मोजतील, हे कुणाला सुचलं? त्याचं बरंचसं श्रेय जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या अल्बर्ट बालिन यांना दिलं जातं. हौसेचा समुद्रप्रवास त्याआधी अजिबात नव्हता असं नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने 1844 मध्येच भूमध्य समुद्राच्या सहली विकल्या होत्या. पण एक मोठं, आधुनिक प्रवासी जहाज केवळ सहलीसाठी बाहेर काढायचं, बंदरोबंदरी फिरवायचं आणि हा धंदा वर्षानुवर्षं चालवून दाखवायचा, हे काम बालिन यांनी केलं.

गंमत म्हणजे त्यांची सुरुवात श्रीमंतांच्या सहलींपासून झालीच नव्हती. ती झाली गरिबांच्या तिकिटांपासून.

बंदरावरचं घर

अल्बर्टचा जन्म 15 ऑगस्ट 1857 रोजी हॅम्बुर्गमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. घरात भावंडं पुष्कळ, अल्बर्ट त्यातला धाकटा. वडील मूळचे डेन्मार्कचे. त्यांची एक छोटी एजन्सी होती, आणि तिचं काम होतं युरोपातून अमेरिकेला कायमचं निघालेल्या लोकांची तिकिटं काढून देणं. घर आणि कचेरी बंदराच्या अगदी जवळ. गाठोडी, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन आलेली कुटुंबं अल्बर्ट रोज पाहत होता.

1874 मध्ये वडील वारले. तेव्हा अल्बर्ट सतरा वर्षांचा होता. धंदा त्याच्या अंगावर आला आणि त्याने तो वाढवला. काही वर्षांनी त्याने एडवर्ड कार नावाच्या जहाजमालकाशी हातमिळवणी केली. कार यांची जहाजं मालवाहू होती. त्यात वरच्या वर्गाचे प्रवासी नव्हतेच, त्यामुळे डेकचा मोठा भाग स्थलांतरितांना मोकळा मिळायचा. इतर कंपन्यांच्या जहाजांवर हीच माणसं तळाच्या कोंदट भागात कोंबलेली असायची. इथे त्यांना निदान उजेड आणि वारा होता, आणि तिकीटही स्वस्त.

हॅम्बुर्गची सगळ्यात मोठी कंपनी होती हापाग. तिला हे झोंबलं. दोन्हीकडून भाडी उतरू लागली, दोघांचंही नुकसान होऊ लागलं. शेवटी 1886 मध्ये हापागने तडजोड केली आणि बालिन यांना आपल्याच प्रवासी विभागाचं प्रमुख केलं. त्यांनी अजून तिशीही ओलांडली नव्हती. ज्याने घाम फोडला त्यालाच नोकरीवर घेण्याचा हा हिशोब हापागला पुढे फार फायद्याचा ठरला. 1888 मध्ये बालिन संचालक मंडळावर आले आणि 1899 मध्ये कंपनीचे सर्वोच्च अधिकारी झाले.

हिवाळ्याचं करायचं काय?

बालिन यांच्या आग्रहाने हापागने वेगवान जहाजं बांधून घेतली. त्यातलं पहिलं 'ऑगस्टा व्हिक्टोरिया', जर्मन सम्राज्ञीच्या नावाचं. (सम्राज्ञीच्या नावाचं खरं स्पेलिंग 'ऑगस्टे' होतं. जहाजावर चुकीचं नाव रंगवलं गेलं आणि ते दुरुस्त व्हायला 1897 उजाडलं.) 1889 पासून हे जहाज अमेरिकेच्या फेऱ्या करू लागलं.

अडचण हिवाळ्याची होती. थंडीत उत्तर अटलांटिकवर वादळं असतात, हॅम्बुर्गच्या एल्ब नदीत बर्फ वाहतो आणि अमेरिकेला जाणारे सुखवस्तू प्रवासी घरीच बसतात. प्रचंड कर्ज काढून बांधलेलं जहाज काही महिने धक्क्याला बांधून ठेवायचं. खलाशांचे पगार, देखभाल आणि व्याज मात्र थांबत नव्हतं. जहाज उभं राहिलं तरी ते पैसे खातं. ऑफ सीझनमध्ये हॉटेल चालवणाऱ्या कुणालाही हे दुखणं लगेच कळेल.

बालिन यांचा उपाय सोपा होता. उत्तरेत थंडी आहे, तर जहाज दक्षिणेला पाठवा. भूमध्य समुद्रात तेव्हा ऊन असतं. इजिप्त, जेरुसलेम, कॉन्स्टँटिनोपल अशी नुसती नावं ऐकून लोक येतील. कंपनीतल्या अनेकांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. पण 22 जानेवारी 1891 रोजी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' 241 प्रवाशांना घेऊन कुक्सहाफेन बंदरातून निघालं. जवळपास दोन महिन्यांची सहल होती.

विशेष म्हणजे या प्रवाशांत स्वतः बालिन होते आणि त्यांची पत्नी मारिआने. दोघांचं लग्न 1883 मध्ये झालं होतं. मारिआने प्रोटेस्टंट ख्रिश्चन, अल्बर्ट ज्यू. त्या काळात हे लग्न सोपं नव्हतं. त्यांना मूल झालं नाही, पुढे त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. कल्पना फसली असती तर त्याची झळ बायकोबरोबर त्याच जहाजावर बसून सोसावी लागली असती. ती फसली नाही. जिब्राल्टर, जेनोआ, अलेक्झांड्रिया, जाफा, बैरूत, कॉन्स्टँटिनोपल, माल्टा, नेपल्स असं फिरत जहाज परतलं. किनाऱ्यावर उतरून पिरॅमिड किंवा जेरुसलेम पाहण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. आजच्या क्रूझवर ज्याला शोअर एक्सकर्शन म्हणतात, ते हेच. सहलीवर ख्रिस्टियान विल्हेल्म आलेर्स हा चित्रकारही होता. त्याने प्रवासाच्या चित्रांचं एक पुस्तक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बक्षिश'. बंदरोबंदरी जर्मन पाहुण्यांच्या कानावर कोणता शब्द सगळ्यात जास्त पडला असेल, हे त्यावरून कळतं.

फक्त सहलीसाठी बांधलेलं जहाज

पुढच्या काही वर्षांत अशा सहली हापागच्या वेळापत्रकातच आल्या. मग बालिन आणखी एक पाऊल पुढे गेले. अटलांटिकची जहाजं सहलीला वापरण्यात त्रास होता. ती थंड हवेसाठी बांधलेली आणि त्यांचा मोठा भाग स्थलांतरितांसाठी. म्हणून 1900 मध्ये 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' हे जहाज पाण्यात उतरवलं गेलं. फक्त क्रूझसाठी बांधलेलं हे पहिलं जहाज मानतात. बाहेरून ते एखाद्या राजाच्या खासगी यॉटसारखं पांढरंशुभ्र. सगळ्या केबिन पहिल्या वर्गाच्या. व्यायामशाळा, ग्रंथालय आणि हौशी फोटोग्राफरांना फिल्म धुण्यासाठी डार्करूमसुद्धा.

त्याचा शेवट वाईट झाला. 16 डिसेंबर 1906 च्या रात्री जमैकातल्या किंग्स्टन बंदरापाशी कप्तानाची दीपगृह ओळखण्यात चूक झाली आणि जहाज खडकावर चढलं. सगळे प्रवासी वाचले. कप्तानाने मात्र आपल्या केबिनमध्ये जाऊन स्वतःवर गोळी झाडली.

धंदा थांबला नाही. 1909 च्या शरद ऋतूत हापागचं 'क्लीव्हलँड' न्यूयॉर्कहून जगाच्या सफरीला निघालं. सुएझ ओलांडून ते मुंबईलाही आलं आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचलं.

झुंबरांचे पैसे कुणी दिले?

या सगळ्या चकचकाटात एक हिशोब सहज नजरेआड होतो. हापागचा पाया सहलींवर उभा नव्हता. तो तळाच्या वर्गाने जाणाऱ्या लाखो लोकांवर उभा होता, आणि त्यांत रशियातल्या अत्याचारांपासून पळणारे ज्यू मोठ्या संख्येने होते. 1892 मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली. 8,600 हून अधिक माणसं मेली आणि दोष स्थलांतरितांवर ढकलला गेला. खरं तर शहर नदीचं न गाळलेलं पाणी पीत होतं. त्यानंतर बंदरातून माणसं नेणं चालू ठेवायचं तर त्यांची तपासणी आणि राहण्याची सोय दाखवावी लागणार होती. बालिन यांनी फेडेल बेटावर वसाहत उभारली, ती 1901 मध्ये सुरू झाली. दवाखाना, न्हाणीघरं, चर्च, सिनेगॉग, ज्यूंसाठी वेगळा स्वयंपाक अशी सगळी सोय होती. यात माणुसकी होती आणि धंदाही. कोणतं किती, हे वेगळं काढता येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर हापाग जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी होती. ताफ्यात सुमारे 175 जहाजं. 1913 मध्ये आलेलं 'इम्पेराटोर' हे 'टायटॅनिक'पेक्षाही मोठं.

कैसरची मैत्री

सम्राट दुसरा विल्हेल्म हॅम्बुर्गला आला की बालिन यांच्या घरी जेवायला जाई. एका ज्यू व्यापाऱ्याशी सम्राटाने असं वागणं दरबारातल्या अनेकांना खटकत होतं. पद आणि मान वाढवण्यासाठी धर्म बदलणारे तेव्हा बरेच होते. बालिन यांनी तो बदलला नाही.

या मैत्रीचा उपयोग त्यांनी एका कामासाठी करून पाहिला. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्धनौका बांधण्याची शर्यत लागली होती, आणि या दोघांत युद्ध झालं तर आपली जहाजं पहिल्याच आठवड्यात अडकतील हे बालिन यांना दिसत होतं. लंडनचे बँकर अर्नेस्ट कॅसल यांच्याबरोबर त्यांनी मध्यस्थी केली. त्यातूनच 1912 मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री हाल्डेन बर्लिनला आले. बोलणी फिसकटली. जुलै 1914 मध्ये बालिन पुन्हा लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटले. त्यानंतर काही दिवसांतच युद्ध पेटलं.

हापागची जहाजं जगभरच्या बंदरांत अडकून पडली. अमर्याद पाणबुडी युद्ध अमेरिकेला शत्रू करील, असं बालिन यांचं मत होतं. कैसरभोवती आता सेनापती होते. जहाजवाल्याचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि न्यूयॉर्कजवळ उभं असलेलं हापागचं महाकाय 'फाटरलांट' तिने ताब्यात घेतलं.

नोव्हेंबर 1918 मध्ये हॅम्बुर्गमध्ये क्रांती झाली. कामगार आणि सैनिकांनी शहर ताब्यात घेतलं. बालिन यांना कित्येक वर्षं निद्रानाश होता, झोपेचं औषध रोजचंच होतं. त्या दिवशी त्यांनी ते फार मोठ्या प्रमाणात घेतलं. 9 नोव्हेंबरला ते गेले, वय 61. बहुतेक अभ्यासक याला आत्महत्याच मानतात. त्याच दिवशी बर्लिनमध्ये कैसरने सिंहासन सोडल्याची घोषणा झाली.

हापागने 1923 मध्ये सेवेत आलेल्या एका नव्या जहाजाला 'अल्बर्ट बालिन' हे नाव दिलं. 1935 मध्ये नाझींच्या काळात ते पुसून 'हान्सा' केलं गेलं. 1947 मध्ये हॅम्बुर्गमधल्या अल्स्टर तलावाकाठच्या रस्त्याला बालिनडाम नाव मिळालं. फेडेलच्या वसाहतीच्या जागी 2007 पासून बालिनश्टाट हे स्थलांतराचं संग्रहालय आहे.

'इम्पेराटोर' युद्धानंतर ब्रिटिशांकडे गेलं आणि 'बेरेंगारिया' झालं. 1930 च्या सुमारास मंदी आली, अटलांटिकचे प्रवासी आटले आणि अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा हे अवाढव्य जहाज न्यूयॉर्कहून निघून दोन-चार दिवस समुद्रात फिरून परत येई, कारण किनाऱ्यापासून दूर गेलं की बार उघडता यायचा. बालिन यांच्या हिवाळ्यातल्या जहाजासारखंच तेही रिकामं उभं ठेवणं मालकांना परवडत नव्हतं.