ज्ञानज्योती सावित्रीबाई : वय वर्षे सतरा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपट लिहून द्यावा, असा आग्रह आपल्या संपादक समितीने केला, तेव्हा मी लगेच सावित्रीबाई फुले यांचे नाव सांगितले. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्यावर शंका काढली, की सावित्रीबाईंवर नवीन काय लिहिणार? त्यांचा धडा तर आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे! शंका रास्त आहे. परंतु धड्यातली एक साधी गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही, असा माझा अनुभव आहे. ती गोष्ट म्हणजे त्यांचे वय. भिंतीवरच्या तसबिरीत सावित्रीबाई आपल्याला पोक्त, गंभीर दिसतात. प्रत्यक्षात पुण्यात शिकवायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. आज आपल्या घरातली सतरा वर्षांची मुलगी मेट्रोने एकटी क्लासला गेली, तर पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आपला जीव थाऱ्यावर नसतो!

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नोकरीच्या निमित्ताने १९८९ साली दिल्लीत आले आणि इथलीच झाले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव हे आमच्याच जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले. तिथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाले. माळी समाजातल्या मुलीने अक्षर गिरवावे अशी तेव्हा कुणाची अपेक्षा नव्हती. उलट शिकलेल्या बाईच्या संसाराचे वाटोळे होते, अशी समजूत घरोघरी होती. जोतीरावांनी पत्नीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले. ज्यांनी जोतीरावांना लहानपणी सांभाळले, त्या सगुणाबाई क्षीरसागर याही या खटाटोपात सोबत होत्या. पुढे अहमदनगरला मिस फरार या अमेरिकन बाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले.

१८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेकडे जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून सावित्रीबाई एक जादा लुगडे बरोबर ठेवत, ही आठवण पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मला त्या आठवणीत टाकणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या लुगड्याचे जास्त वाटते. आज पुन्हा शेण पडणार हे ठाऊक असतानाही ही मुलगी सकाळी उठून लुगड्याची घडी पिशवीत ठेवते आणि शाळेची वाट धरते. रोजच्या रोज हे करायला काय धैर्य लागत असेल!

विरोध बाहेरचाच नव्हता. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली सासरे गोविंदराव यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. तरीही काम थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. त्या वेळी सावित्रीबाई एकवीस वर्षांच्या होत्या. १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा तेवीस वर्षांच्या.

शिक्षिकेची खरी परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांवरून होते. फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. वाचकहो, जिच्या समाजाला अक्षर दिसण्याची बंदी होती, ती शाळकरी मुलगी धर्माच्या नावाखाली आपल्या माणसांवर काय लादले गेले, याचा जाब छापील पानावर विचारते! बाईंनी तिला फक्त बाराखडी शिकवली असती, तर हे घडले नसते. आपले दुःख आपणच मांडायचे आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, हा धडा तिला समोर उभ्या असलेल्या तरुण बाईकडे पाहूनच मिळाला असणार.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. ज्यांनी ती वाचली नसतील त्यांनी जरूर मिळवून वाचावीत. पहिले पत्र ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. आजारपणामुळे त्या माहेरी विश्रांतीला गेल्या होत्या. तिथे भावाने ऐकवले की महार-मांगांसाठी काम करून तुम्ही नवरा-बायकोने कुळाला बट्टा लावला. पंचवीस वर्षांच्या बहिणीने त्याला उलट विचारले की गाई-बकऱ्यांना तू मायेने कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा तुला विटाळ कसा होतो? आई ते सारे ऐकत होती आणि तिचे मन वळले, हेही त्यांनी कळवले आहे. आपल्या गैरहजेरीत शाळेचा भार एकट्या फातिमावर पडला असेल, ही काळजीही त्याच पत्रात आहे.

दुसरे पत्र ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहून. गणेश नावाचा पंचांग सांगणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जमले होते आणि मुलीला दिवस गेले होते. गावकरी दोघांना मारत, धिंड काढत जिवे मारायला निघाले. हे कळताच सावित्रीबाई धावत गेल्या, खुनाबद्दल सरकार काय शिक्षा करील याची जमावाला जाणीव दिली आणि दोघांचे प्राण वाचवून त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. तिसरे पत्र एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरचे. दुष्काळाने गुरे-माणसे मरत होती आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतकार्यात गुंतले होते, त्याचा वृत्तांत त्यात आहे. तिन्ही पत्रांत स्वतःच्या हालांबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. कामाचा हिशेब तेवढा आहे!

पुढचे कार्य आपणा सर्वांस परिचित आहे. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, त्यात सावित्रीबाईंचा मोठा पुढाकार होता.

याच १८७३ सालात जोतीरावांचा गुलामगिरी हा ग्रंथ आला. तो त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला आहे. पुण्याच्या पेठेत बसून या जोडप्याने समुद्रापलीकडच्या दुःखाशी आपले नाते ओळखले होते. योगायोग असा, की तिकडेही तेच घडत होते. फिलाडेल्फियातल्या एका स्वतंत्र काळ्या कुटुंबात १८३७ साली जन्मलेली शार्लट फोर्टन ही मुलगी १८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, दक्षिण कॅरोलिनातल्या सेंट हेलेना बेटावर गेली आणि नुकत्याच सुटलेल्या गुलामांच्या मुलांना शिकवू लागली. तेव्हा तिचे वय पंचवीस. ती आणि सावित्रीबाई यांना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्यांना शाळेचा उंबरठा बंद होता त्यांच्यातल्याच तरुण मुलींनी, आपल्याला मिळालेले अक्षर आधी आपल्यामागे राहिलेल्यांना नेऊन दिले. सेवा म्हणजे वरून खाली टाकलेले दान, अशी आपली कल्पना असते. या दोघींची सेवा तशी नव्हती. ज्यांचा हात अजून लोक झिडकारत होते, त्यांनीच पुढे केलेला तो हात होता.

हे लिहिताना आपल्याच परिसरातल्या दोन घटना आठवल्याशिवाय राहत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये आफ्रिकी महिलांना रात्री जमावाने घेरले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. शिकायला घर सोडून दूर आलेली मुले-मुली ती! संसदेच्या आवारात २००३ साली उभारलेल्या महात्मा फुल्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना मराठी माणूस म्हणून आपली मान ताठ होते. मग सोसायटीच्या लिफ्टमध्ये एखादी आफ्रिकी विद्यार्थिनी आली, की आपण नजर का फिरवतो? गुलामगिरीची अर्पणपत्रिका आपण अभिमानाने सांगतो, तर एवढा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

कुणी म्हणेल, कर्मकांड न मानणाऱ्या सावित्रीबाईंचे चरित्र गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कशाला? मला त्यात विसंगती वाटत नाही. गणपतीला आपण विद्येची देवता म्हणतो. ती विद्या कुणाकुणाच्या दारी पोहोचली, हे पाहणे भक्तांचे काम नाही काय? लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ते १८९३ साल. त्याच वर्षी सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. त्याआधी तीन वर्षे, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले होते. अंत्ययात्रेत टिटवे स्वतः सावित्रीबाईंनी धरले. पती गेल्यावर घरात बसून राहणे त्यांना शक्यही नव्हते आणि मान्यही नव्हते.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंनी डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसरजवळ ससाणे माळावर दवाखाना सुरू करवला. लोक आपल्या घरच्या रोग्याजवळ जायला धजत नव्हते, त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी गोळा करून आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. सतराव्या वर्षी दुसऱ्याच्या मुलींना हाताला धरून शाळेत बसवणारी ही बाई, अखेरीसही दुसऱ्याचेच मूल पाठीवर घेऊन गेली.

टपाल खात्याने १० मार्च १९९८ रोजी त्यांच्यावर तिकीट काढले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली, ती तिथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून. हे सर्व योग्यच आहे. पण दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद इथे विखुरलेल्या आपण मराठी मंडळींनी काय करावे?

माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळात कॉलेजात शिकणाऱ्या, नर्सिंग करणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, आय. टी. कंपन्यांत नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली आहेत. उत्सवात त्यांच्या वाट्याला काय येते? रांगोळी, स्वागतगीत आणि प्रसादाचे वाटप. कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र आम्ही पांढऱ्या केसांचेच लोक दिसतो. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर पहारा देणाऱ्यांची, घरकामाला येणाऱ्या ताईंची, इस्त्रीच्या ठेल्यावर राबणाऱ्यांची मुले याच वस्त्यांच्या आसपास वाढत आहेत. दर रविवारी दोन तास त्यांचा अभ्यास घेणारा वर्ग सुरू व्हावा आणि तो या मुलींनी चालवावा. काय शिकवायचे, कसे शिकवायचे, वर्गणीतला किती पैसा वह्या-पुस्तकांना लावायचा, हे त्यांनीच ठरवावे. आम्ही ज्येष्ठांनी सतरंज्या घालाव्यात, चहा करावा आणि विचारले तरच सल्ला द्यावा. मुलींना अजून अनुभव नाही, असे कुणी म्हटले तर त्यांनी एकच आकडा आठवावा : सतरा.

या वर्गातून उद्या एखादी मुक्ता उभी राहिली आणि तिने आपल्या वस्तीचे म्हणणे आपल्याच स्मरणिकेत लिहिले, तर बाप्पाच्या चरणी याहून मोठा नैवेद्य कोणता?

गणपती बाप्पा मोरया!